दूरच्या सर्व्हरचं दार: विंडोज, मॅक आणि लिनक्समधून पहिलं लॉगिन

सर्व्हर भाड्याने घेतला की थोड्या वेळात एक ईमेल येतो, किंवा कंपनीच्या डॅशबोर्डवर चार ओळी उमटतात: एक आयपी पत्ता, एक युजरनेम, आणि पासवर्ड किंवा डाउनलोड करायची एक छोटी फाइल. बहुतेक नवखे इथेच थबकतात. पैसे भरले, मशीन सुरू झालं, पण त्यात शिरायचं कुठून हे कुणी सांगितलेलं नसतं. हा लेख त्या पहिल्या तासासाठी आहे.

मी अनेकांच्या शेजारी बसून हे शिकवलंय. सगळ्यांची एक समजूत सारखी असते: विंडोजची पद्धत वेगळी, मॅकची वेगळी, लिनक्सची आणखी वेगळी. तसं नाही. सर्व्हरला तुमच्या टेबलावर कुठला संगणक आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं. तो चारच गोष्टी पाहतो: तुम्ही कुठल्या पत्त्यावर आलात, कुठल्या दारावर, कोणत्या नावाने आणि कुठली किल्ली घेऊन. या चार गोष्टी पक्क्या असतील तर उरतो तो फक्त खिडकीचा फरक.

म्हणून सुरू करण्याआधी या चार गोष्टी एका कागदावर लिहून काढा. पत्ता म्हणजे आयपी. या लेखात मी २०३.०.११३.२५ हा वापरतो. हा पत्ता उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या गटातला आहे, तुम्ही तुमचा घाला. दार म्हणजे पोर्ट. सर्व्हर लिनक्सचा असेल तर बहुधा २२, विंडोजचा असेल तर ३३८९. नाव म्हणजे युजरनेम, आणि इथे फार जण चुकतात, कारण ते कंपनीप्रमाणे आणि सिस्टिमप्रमाणे बदलतं. ॲमेझॉनवर उबुंटू (हा लिनक्सचाच एक प्रकार, पुढची दोन नावंही तशीच) घेतलं तर नाव ‘उबुंटू’, ॲमेझॉन लिनक्स घेतलं तर ‘ईसी२-युजर’, डेबियन घेतलं तर ‘ॲडमिन’. डिजिटलओशनसारख्या ठिकाणी थेट ‘रूट’. चौथी गोष्ट पासवर्ड किंवा की-फाइल.

सर्व्हर अजून घ्यायचा असेल तर जागा बघून घ्या. ॲमेझॉनचं मुंबईतलं केंद्र २०१६ पासून चालू आहे, गूगलचं मुंबईत २०१७ पासून, मायक्रोसॉफ्टचं एक केंद्र पुण्यात आहे, डिजिटलओशनचं बंगळुरूत. सांगलीत बसून मुंबईतला सर्व्हर चालवताना टाइप केलेलं अक्षर लगेच उमटतं. तोच सर्व्हर जर्मनीत असेल तर जाऊन-येऊन शंभराहून जास्त मिलिसेकंद लागतात आणि प्रत्येक अक्षर किंचित मागून येतंय असं वाटत राहतं. काम अडत नाही, पण दिवसभर ते जाणवतं.

कमांड कशा वाचायच्या

या लेखातल्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान लिपीत आणि इंग्रजी अंकांत करायच्या. ‘एसएसएच’ म्हणजे एस, एस, एच ही तीन अक्षरं; दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे शिरायची ही कमांड. जिथे मोकळी जागा दिसते तिथे स्पेस, जिथे दिसत नाही तिथे नाही. मोठं अक्षर लागणार असेल किंवा स्पेलिंग अडणार असेल तिथे तसं सांगितलंय.

आणि आपल्याकडे हमखास होणारी एक गोष्ट. आपण मराठीत टाइप करणारी माणसं. कीबोर्ड मराठीवर राहिलेला असतो आणि पासवर्ड टाकताना पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे अक्षरं देवनागरीत चालली आहेत हे कळत नाही. तीनदा पासवर्ड चुकतो, मग माणूस कंपनीला तक्रार करतो. लॉगिन करण्याआधी इंग्रजी कीबोर्ड निवडलाय ना ते पाहा: विंडोजमध्ये विंडोज-की आणि स्पेस, उबुंटूमध्येही तीच जोडी, मॅकवर कंट्रोल आणि स्पेस.

विंडोजवरून

२०१८ पासूनच्या विंडोज १० मध्ये आणि सगळ्या विंडोज ११ मध्ये एसएसएच आधीपासूनच असतं. स्टार्ट दाबा, ‘पॉवरशेल’ किंवा ‘टर्मिनल’ शोधा आणि उघडा. त्यात लिहा:

एसएसएच उबुंटू@२०३.०.११३.२५

म्हणजे आधी कमांड, मग स्पेस, मग युजरनेम, ॲटचं चिन्ह आणि आयपी. एंटर दाबा. एसएसएच नावाची कमांडच सापडत नाही असं उत्तर आलं, तर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधा आणि त्यातून ओपनएसएसएच क्लायंट बसवा. ‘सर्व्हर’ नावाचंही एक त्याच यादीत असतं. ते तुमच्याच संगणकाला बाहेरच्यांसाठी दार करून देतं, ते नको.

पहिल्यांदा जोडताना एक लांबलचक इंग्रजी वाक्य येईल. या यंत्राची खात्री पटवता आली नाही, त्याचा फिंगरप्रिंट अमुक आहे, पुढे जायचं का? मॅक आणि लिनक्सवरही हेच वाक्य येतं. इथे जवळपास प्रत्येक जण न वाचता ‘यस’ लिहून मोकळा होतो. मला या एका ओळीबद्दल मनापासून सांगायचंय, म्हणून जरा थांबूया.

१९९५ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपणारा प्रोग्राम बसवला होता. तेव्हा दूरच्या यंत्रावर जायला टेलनेट वापरत, आणि टेलनेट पासवर्ड उघडाच पाठवतं. तिथल्या तातू उलोनेन या संशोधकाने त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. फाइल पाठवण्याच्या एफटीपीचं पोर्ट २१, टेलनेटचं २३. मधलं २२ मोकळं होतं, ते त्यांनी मागून घेतलं. म्हणजे हे साधनच मुळी मधे बसून ऐकणाऱ्याला रोखण्यासाठी जन्माला आलं. पण त्याला एका जागी तुमची मदत लागते. पलीकडचं यंत्र खरंच तुमचं आहे का, हे पहिल्या भेटीत ते स्वतः ओळखू शकत नाही. ओळख पटवायचं काम ते तुमच्यावर सोपवतं, आणि तो प्रश्न म्हणजे ही ओळ.

खात्री करायची ती अशी. कंपनीच्या डॅशबोर्डमध्ये बहुधा ‘कन्सोल’ असतो. ब्राउझरमधूनच सर्व्हरचा पडदा दिसतो. त्यात लॉगिन करून ही कमांड चालवा:

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

जे उत्तर येईल त्यात ‘एसएचए२५६:’ने सुरू होणारी एक लांब ओळख असते. ॲमेझॉनवर ती पहिल्या बूटनंतर सिस्टिम लॉगमध्येही छापलेली सापडते. ती कॉपी करा आणि तुमच्या टर्मिनलमधल्या प्रश्नाला ‘यस’ऐवजी तीच ओळख पेस्ट करा. आताच्या आवृत्त्यांमध्ये हे चालतं: जुळली तर दार उघडतं, नाही जुळली तर पुन्हा विचारतं. डोळ्यांनी एकेक अक्षर ताडून बघण्यापेक्षा हे खात्रीचं. एकदा होकार दिला की ती ओळख तुमच्या संगणकावर ‘नोन_होस्ट्स’ नावाच्या फाइलमध्ये जाते आणि पुन्हा प्रश्न येत नाही. ‘यस’ लिहिणार असाल तर पूर्ण शब्द लिहावा लागतो, नुसता वाय चालत नाही.

यानंतर पासवर्ड. टाइप करताना तारे नाहीत, ठिपके नाहीत, काही हलत नाही. कीबोर्ड बिघडलेला नाही, ते तसंच असतं. पेस्ट करायचा असेल तर विंडोज टर्मिनलमध्ये राइट क्लिक. ईमेलमधून कॉपी करताना शेवटी एखादी स्पेस चिकटून आली तरी पासवर्ड चुकतो, हे लक्षात ठेवा.

पासवर्डऐवजी कंपनीने ‘.पेम’ या शेवटाची फाइल दिली असेल, तर ती अशी दाखवायची:

एसएसएच -आय फाइलचा_मार्ग उबुंटू@२०३.०.११३.२५

फाइलचा मार्ग हाताने लिहू नका. ‘एसएसएच -आय’ लिहून एक स्पेस द्या आणि फाइल माउसने ओढून टर्मिनलच्या खिडकीत सोडा. मार्ग आपोआप उमटतो, नावात स्पेस असली तर अवतरणचिन्हांसकट. ही युक्ती तिन्ही सिस्टिमवर चालते. आपल्याकडे विंडोजच्या युजर फोल्डरचं नाव अनेकदा नाव-आडनाव असं मधे स्पेस देऊन ठेवलेलं असतं, आणि निम्म्या चुका तिथेच होतात.

की-फाइल डी ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर असेल तर ‘अनप्रोटेक्टेड प्रायव्हेट की फाइल’ असा मोठ्या अक्षरांतला इशारा येऊ शकतो. अर्थ सरळ आहे: ही किल्ली या संगणकावरच्या इतरांनाही वाचता येते, म्हणून मी ती वापरणार नाही. फाइल तुमच्या युजर फोल्डरमधल्या ‘.एसएसएच’ फोल्डरात हलवा. तरीही अडलं तर फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. तिथे इन्हेरिटन्स बंद करा, यादीतली सगळी नावं काढा आणि फक्त स्वतःचं नाव ठेवा.

पुटी वापरायचं की नाही

जुन्या व्हिडिओंत आणि क्लासच्या नोट्समध्ये विंडोजसाठी अजूनही पुटीच सांगतात. सायमन टॅथम यांनी बनवलेला हा छोटा प्रोग्राम वीस वर्षांहून जास्त काळ विंडोजवाल्यांचा आधार होता, आणि आजही चांगला आहे. खिडक्यांत बटणं दाबायची सवय असेल तर वापरा. होस्ट नेमच्या चौकटीत आयपी, पोर्ट २२, खालच्या ‘सेव्ह्ड सेशन्स’मध्ये एखादं नाव देऊन सेव्ह, मग ओपन. एवढंच.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. पुटीला ‘.पेम’ फाइल थेट चालत नाही. त्याच्यासोबत येणाऱ्या पुटीजेनमध्ये ती लोड करून ‘.पीपीके’ म्हणून सेव्ह करावी लागते, मग कनेक्शन, एसएसएच, ऑथ, क्रेडेन्शियल्स या वाटेने ती निवडायची. दुसरं, पुटी फक्त त्याच्या लेखकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या. विष पेरलेल्या नकली प्रती फिरत असतात आणि शोधताना जाहिरातीत वर दिसणारा दुवा खरा असेलच असं नाही. आवृत्ती ०.८१ किंवा त्यापुढची हवी. त्याआधीच्या काही आवृत्त्यांमध्ये एका प्रकारच्या कीची गुप्तता फुटू शकेल असा दोष होता, तो एप्रिल २०२४ मध्ये दुरुस्त झाला.

मॅकवरून

इथे काही बसवायचं नाही. कमांड आणि स्पेस दाबून ‘टर्मिनल’ शोधा, उघडा आणि वर दिलेलीच ओळ लिहा. फिंगरप्रिंटचा प्रश्न तोच, न दिसणारा पासवर्डही तोच. पेस्टसाठी कमांड आणि व्ही.

डाउनलोड केलेल्या की-फाइलची परवानगी मात्र आवळावी लागते, नाहीतर वरचाच इशारा येतो:

सीएचमॉड ६०० ~/डाउनलोड्स/माझी.पेम

सी, एच, एम, ओ, डी. ‘डाउनलोड्स’चा डी मोठा. सुरुवातीची ती नागमोडी खूण म्हणजे तुमचं होम फोल्डर. ६०० चा अर्थ मालकाला वाचता-लिहिता येईल, बाकी कुणाला काहीच नाही.

लिनक्सवरून

उबुंटूमध्ये कंट्रोल, ऑल्ट आणि टी. मग तीच ओळ, आणि सीएचमॉडही तसंच. पेस्टसाठी कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. कॉपी करायला नुसतं कंट्रोल-सी दाबू नका, त्याने चालू असलेली कमांड थांबते. की-फाइल पेन ड्राइव्हवर ठेवून सीएचमॉड केलंत तर बहुधा काही फरक पडणार नाही, कारण पेन ड्राइव्हची फाइलव्यवस्था या परवानग्या लिहूनच ठेवत नाही. आधी फाइल होम फोल्डरमध्ये आणा.

स्वतःची किल्ली

पासवर्डवर लॉगिन होतंय म्हणून तिथेच थांबू नका. ज्या सर्व्हरचं २२ नंबरचं दार जगाला उघडं आहे, त्यावर दिवसरात्र यंत्रं पासवर्ड अंदाजाने टाकून बघत असतात. किल्लीची जोडी केली की हा प्रश्नच संपतो.

जोडी म्हणजे कुलूप आणि किल्ली. पब्लिक की हे कुलूप: ते कितीही सर्व्हरांवर लावा, ईमेलने पाठवा, कुणी पाहिलं तरी बिघडत नाही. प्रायव्हेट की ही किल्ली: ती तुमच्या संगणकाबाहेर जाता कामा नये. व्हॉट्सॲपवर नाही, ड्राइव्हवर नाही, ‘एक मिनिट बघू दे’ म्हणणाऱ्या मित्राला नाही. मित्राला आत घ्यायचं असेल तर त्याने त्याची जोडी बनवावी आणि तुम्ही त्याचं कुलूपही दारावर लावावं. एका दाराला कितीही कुलपं लागतात आणि त्यातलं कुठलंही एक उघडलं की पुरतं. तो काम सोडून गेला की फक्त त्याचं कुलूप काढायचं.

जोडी बनवायला तिन्ही सिस्टिमवर एकच कमांड:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९

हा कीचा प्रकार. लहान, वेगवान आणि आज बहुतेक सगळीकडे चालणारा. फाइल कुठे ठेवायची असं विचारेल, नुसतं एंटर दाबा. त्या नावाची फाइल आधीच आहे, तिच्यावर लिहू का, असं विचारलं तर मात्र नाही म्हणा. कुठली तरी जुनी किल्ली आहे, ती पुसली जाईल. मग पासफ्रेज मागेल. तो द्या. लॅपटॉप चोरीला गेला तर चोराच्या हाती फाइल लागेल, पण पासफ्रेजशिवाय ती उघडणार नाही. रोज टाइप करायचा कंटाळा येत असेल तर मॅक आणि लिनक्स तो लक्षात ठेवायची सोय देतात, ती वापरा. पासफ्रेज रिकामा ठेवू नका.

दोन फाइली तयार होतात. ‘.पब’ने संपणारी म्हणजे कुलूप, दुसरी किल्ली. मॅक किंवा लिनक्सवरून कुलूप सर्व्हरवर लावायला एक कमांड पुरते:

एसएसएच-कॉपी-आयडी उबुंटू@२०३.०.११३.२५

विंडोजवर ही कमांड येत नाही. तिथे ‘.पब’ फाइल नोटपॅडमध्ये उघडा, आतली एकुलती एक लांब ओळ कॉपी करा, पासवर्डने सर्व्हरवर जा आणि हे करा:

एमकेडीआयआर -पी ~/.एसएसएच
सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच
नॅनो ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज
सीएचमॉड ६०० ~/.एसएसएच/ऑथराइज्ड_कीज

‘ऑथराइज्ड’चं स्पेलिंग इथे झेडने आहे. एसने लिहिलंत तर कुठलीही चूक दिसणार नाही, फक्त किल्ली कधीच चालणार नाही. नॅनोमध्ये ओळ पेस्ट केली की कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स. ओळ मधे तुटलेली नसावी. पुटीजेनने जोडी केली असेल तर त्याने सेव्ह केलेली पब्लिक फाइल इथे चालत नाही. त्याच्या खिडकीत वरच्या चौकटीत दिसणारी एक ओळ कॉपी करायची असते.

दार उघडलं नाही तर

टर्मिनलमधलं इंग्रजी बघून घाबरायचं कारण नाही. एरर म्हणजे पलीकडून आलेलं उत्तर असतं, आणि ते बऱ्यापैकी नेमकं असतं.

‘कनेक्शन टाइम्ड आउट’: तुम्ही हाक मारली, पलीकडून काहीच आलं नाही. आयपी चुकला असेल, सर्व्हर बंद असेल, किंवा सगळ्यात जास्त वेळा, फायरवॉलने (कुणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याने) हाक मधेच गिळली असेल. डॅशबोर्डमध्ये ‘सिक्युरिटी ग्रुप’ किंवा ‘फायरवॉल’ असं काही असतं, तिथे २२ उघडं आहे का पाहा. तिथे ‘माय आयपी’ निवडलं असेल तर घरचा राउटर बंद-चालू केल्यावर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेल्यावर तुमचा पत्ता बदलतो आणि कालपर्यंत उघडणारं दार आज गप्प होतं. नियमातला पत्ता नवा करा. उलटंही होतं: काही कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या वायफायवरून २२ वर बाहेर जाताच येत नाही. हॉटस्पॉट लावून बघितलं की लगेच कळतं. आणि ॲमेझॉनवर सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला की त्याचा आयपी सहसा बदलतो. कायमचा पत्ता वेगळा घ्यावा लागतो.

‘कनेक्शन रिफ्यूज्ड’: घर सापडलं, पण या दारावर कुणी बसलेलं नाही. सर्व्हर नुकताच सुरू केला असेल तर दोन मिनिटं थांबा. पोर्ट बदललेलं असेल तर ‘-पी’ लिहून तो आकडा द्या.

‘परमिशन डिनाइड’, आणि कंसात ‘पब्लिककी’: ही चांगली बातमी आहे. नेटवर्क ठीक, फायरवॉल ठीक, तुम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलात. फक्त नाव किंवा किल्ली जुळत नाही. आधी युजरनेम तपासा. उबुंटूच्या मशीनवर ‘ईसी२-युजर’ या नावाने तासभर झगडणारे मी पाहिलेत. मग ‘-आय’ पुढची फाइल त्याच सर्व्हरची आहे ना ते बघा. तरीही कळत नसेल तर कमांडमध्ये ‘-व्ही’ घाला. एसएसएच काय काय करून बघतंय ते ओळीने सांगतं, कुठली किल्ली दाखवली तेही.

‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’, चहूबाजूंनी ॲटच्या चिन्हांची चौकट: पूर्वी या पत्त्यावर जी ओळख होती ती आता नाही. तुम्ही सर्व्हर पुन्हा बसवला असेल, किंवा जुना आयपी नव्या मशीनला मिळाला असेल, तर हे अपेक्षितच आहे. जुनी नोंद काढा:

एसएसएच-कीजेन -आर २०३.०.११३.२५

इथला आर मोठा. पण तुम्ही काहीच बदललेलं नसताना ही चौकट आली तर पुढे जाऊ नका. कन्सोलमधून फिंगरप्रिंट पुन्हा तपासा. १९९५ साली जो धोका होता, त्याच्यासाठीच ही चौकट आहे.

रोजचं लॉगिन सोपं करा

आयपी, नाव, किल्ली दर वेळी लिहायची गरज नाही. ‘.एसएसएच’ फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ नावाची साधी फाइल करा आणि तिच्यात लिहा:

होस्ट दुकान
होस्टनेम २०३.०.११३.२५
युजर उबुंटू
आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल ६०

आता ‘एसएसएच दुकान’ एवढं पुरतं. शेवटच्या ओळीमुळे दर ६० सेकंदांनी सर्व्हरला एक हलकीशी चाहूल जाते, म्हणून चहा घेऊन येईपर्यंत कनेक्शन गोठत नाही. विंडोजवर नोटपॅड गुपचूप ‘.टीएक्सटी’ जोडतो, सेव्ह करताना ‘ऑल फाइल्स’ निवडा, फाइलच्या नावाला कुठलंही शेपूट नको.

फाइल पाठवायची असेल तर हेच नाव तिथेही चालतं:

एससीपी यादी.सीएसव्ही दुकान:~/

‘दुकान’नंतरची विसर्गासारखी खूण (कोलन) आणि त्यापुढचा मार्ग विसरलात तर फाइल सर्व्हरवर न जाता तुमच्याच संगणकावर ‘दुकान’ नावाने कॉपी होते. खिडकीतून फाइली ओढायला आवडत असेल तर विंडोजवर विनएससीपी, तिन्हीकडे फाइलझिला. दोन्हींत एसएफटीपी निवडा.

लांबचं काम चालवायचं असेल तर लॉगिन केल्यावर आधी ‘टीमक्स’ सुरू करा. टी, एम, यू, एक्स. लाइट गेली, राउटर बंद पडला, खिडकी मिटली तरी काम सर्व्हरवर चालू राहतं. परत येऊन ‘टीमक्स अटॅच’ म्हटलं की जिथे सोडलं होतं तिथेच सापडतं. लोडशेडिंगच्या गावात बसून डेटाबेस हलवणाऱ्याला याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

सर्व्हर विंडोजचा असेल तर

मग टर्मिनल नाही, पूर्ण डेस्कटॉप दिसतो, आणि दार ३३८९. विंडोजवरून विंडोज-की आणि आर दाबून ‘एमएसटीएससी’ लिहा, आयपी द्या, कनेक्ट. तुमचं विंडोज होम आवृत्तीचं असलं तरी दुसरीकडे जोडायला ते पुरतं. मॅकवर ॲप स्टोअरमधून मायक्रोसॉफ्टचं ‘विंडोज ॲप’ घ्या. २०२४ पर्यंत त्याचं नाव मायक्रोसॉफ्ट रिमोट डेस्कटॉप होतं, जुन्या लेखांत तेच दिसेल. लिनक्सवर रेमिना. युजरनेम बहुधा ‘ॲडमिनिस्ट्रेटर’. ॲमेझॉनवर पासवर्ड ईमेलने येत नाही. डॅशबोर्डमध्ये तुमची ‘.पेम’ फाइल दाखवली की तो उलगडून मिळतो.

फायरवॉलमध्ये ३३८९ कधीही सगळ्या जगाला उघडं ठेवू नका. फक्त तुमच्या पत्त्याला परवानगी द्या, पत्ता बदलला की नियम बदला. हा त्रास घेण्यासारखा आहे. आणि काम संपल्यावर खिडकी नुसती बंद केली तर तुम्ही बाहेर पडत नाही, आतलं सगळं चालू राहतं. नेहमीच्या विंडोज सर्व्हरवर एका वेळी दोनच जणांना जागा असते, म्हणून काम झालं की ‘साइन आउट’ करा. ‘शट डाउन’ मात्र नको. सर्व्हर बंद झाला की पुन्हा डॅशबोर्डमधूनच सुरू करावा लागतो.

पासवर्डचं दार बंद करताना

लिनक्स सर्व्हरवर किल्लीने लॉगिन नीट होऊ लागलं की पासवर्डचं लॉगिन बंद करा. त्यासाठी ‘/ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग’ या फाइलमध्ये ‘पासवर्डऑथेंटिकेशन’ पुढे ‘नो’ लिहायचं. उबुंटूवर शेजारच्या ‘एसएसएचडी_कॉन्फिग.डी’ फोल्डरमधली फाइलही पाहा, तिथे ‘यस’ लिहिलेलं असेल तर तेच लागू होतं, म्हणून तिथेही ‘नो’ करा. मग:

सुडू सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएसएच

सुडू म्हणजे एस, यू, डी, ओ; पुढची कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालव, असा त्याचा अर्थ. मी एकदा घाईत सर्व्हरची आतली फायरवॉल चालू केली आणि २२ ला परवानगी द्यायची राहून गेली. सर्व्हर चालू, संकेतस्थळ बंद, आणि मी बाहेर. कन्सोलमधून परत शिरेपर्यंतचा तो तास मला अजून आठवतो. फायरवॉल लावण्याआधी ‘सुडू यूएफडब्ल्यू अलाऊ ओपनएसएसएच’ ही ओळ चालवायची असते. त्यातलं ओपनएसएसएच मोठ्या-लहान अक्षरांसकट लिहायचं, ओ, दोन्ही एस आणि एच मोठे.

म्हणून पासवर्ड बंद करताना किंवा फायरवॉलला हात लावताना ज्या खिडकीत तुम्ही आत आहात ती बंद करू नका. एसएसएच सेवा रीस्टार्ट झाली तरी चालू जोडणी तुटत नाही. शेजारी दुसरी टर्मिनल खिडकी उघडा आणि तिथून नव्याने लॉगिन करून बघा. आत गेलात, तर पहिल्या खिडकीत ‘एक्झिट’ लिहा. नाही गेलात, तर पहिली खिडकी अजून उघडीच आहे. तिच्यातून केलेला बदल मागे घ्या.